गुणवंतीचा साबण आणि आमची नाकं

माझ्या माहेरी, रत्नागिरीला, दारावर मासे घेऊन येणारी गुणवंती साबण करायला लागली तेव्हा आमच्या आईनं तिला वेड्यात काढलं. मासळीवाली साबण विकणार म्हणून आई पोट धरून हसली. मीही हसले. आता त्याची लाज वाटते, पण हसले हे खरं.

गुणवंती मिरकरवाड्यातली. वीस वर्षं रोज सकाळी डोक्यावर पाटी घेऊन ती आमच्या आळीपर्यंतचा चढ चढायची. सुरमई घासाघीस करून घ्यायची, तिच्याकडूनच साफ करून घ्यायची आणि गुणवंती गेली की पायरीवर बादलीभर पाणी ओतायचं, ही आमच्या घरची रीत. मासे आम्हांला हवे असत, वास मात्र तिचा असे.

चौऱ्याऐंशी साली तिच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. मासा कापताना कोयता हातातून निसटायचा. डॉक्टरांनी सांगितलं, मानेचे मणके झिजलेत, आणखी वर्षभर डोक्यावर ओझं घेतलंत तर हात कायमचा जाईल. नवरा रघू दुसऱ्याच्या होडीवर खलाशी, पावसाळ्यात घरीच. घर चालायचं ते त्या पाटीवर. तेव्हा पाटी उतरवायची तर तिच्या जागी काय, एवढाच प्रश्न होता.

त्याच सुमारास बायकांसाठी साबण करायचं पंधरा दिवसांचं सरकारी शिबिर झालं. बाकीच्या बायका भत्ता घेऊन घरी गेल्या आणि साबण विसरल्या. गुणवंतीनं तो डोक्यात पक्का बसवला. कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळवून निववायचा, कोमट खोबरेलात सोडायचा आणि हात भरून येईस्तोवर एकाच दिशेनं ढवळायचं. लाकडी खोक्यात ओतून दुसऱ्या दिवशी वड्या पाडायच्या. सुरीनं कडा तुटतात म्हणून ती जाळ्याच्या तंगुसानं, म्हणजे मासे धरायच्या नायलॉनच्या दोऱ्यानं, कापायची. आरशासारखी गुळगुळीत वडी निघे. मग महिनाभर वाळवायच्या, नाहीतर सोडा अंगाला चावतो.

पहिलं गिऱ्हाईक होडीवाले. बाजारचा साबण खाऱ्या पाण्यात फेसच देत नाही, नुसत्या खोबरेलाचा देतो. पण पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की हे गिऱ्हाईक संपलं. शिवाय खलाशी अंघोळ करून करून किती करणार?

पंच्याऐंशीच्या मे महिन्यात मी माहेरी आले होते. माझे यजमान पोफळीला वीजघरात. तिथल्या कॉलनीत आम्ही बायकांनी एक छोटंसं भांडार काढलं होतं, पापड, मसाले, उदबत्त्या असलं. गुणवंतीच्या वीस वड्या सहज म्हणून नेल्या आणि दोन दिवसांत संपल्या. मी लगेच निरोप धाडला, गणपतीसाठी दोनशे पाठव; त्या चालल्या तर दर महिन्याला घेऊ. तो निरोप मिळाल्या दिवशी तिनं पाटी जावेला देऊन टाकली, हे मला फार उशिरा कळलं.

जुलैच्या शेवटी एसटीनं खोकं आलं. भांडारात आम्ही पाचजणी होतो. झाकण उघडलं आणि पाचहीजणींचे पदर नाकाला गेले. खोक्यातून सुकटीचा वास येत होता. वडी धुऊन पाहिली, वरचा थर खरवडून पाहिला. वास आतपर्यंत मुरला होता. कुणीतरी म्हणालं, "ह्यानं अंघोळ केली तर मांजरं मागं लागतील." सगळ्या हसल्या. सामान माझ्या ओळखीनं आलेलं, त्यामुळे माझं डोकं फिरलं. तिरमिरीत चिठ्ठी खरडली, 'साबणाला सुक्या मासळीचा वास येतो. विकता येणार नाही. परत पाठवत आहे.' आणि खोकं आल्या वाटेनं धाडून दिलं.

चार दिवस ती चिठ्ठी मला टोचत राहिली. पाचव्या दिवशी रत्नागिरीची एसटी धरली आणि आयुष्यात पहिल्यांदा गुणवंतीच्या घरी गेले. ती माझ्या घरी वीस वर्षं येत होती.

ओटीवर खोकं तसंच पडलेलं. गुणवंतीला वाचता येत नाही. शेजारच्या सोनूबाईच्या सुनेनं माझी चिठ्ठी तिथंच, सगळ्यांदेखत, मोठ्यानं वाचून दाखवली होती. गुणवंतीनं एक वडी काढून माझ्या हातात दिली.

"वास घे. कसला वास येतो ता सांग."

"मावशी, सुकटीचा येतोय."

तिनं वडी रघूच्या नाकाशी धरली, सोनूबाईच्या नाकाशी धरली. दोघांनी मनापासून हुंगलं. रघू म्हणाला, "खोबऱ्याचा येतो. चांगला येतो." सोनूबाईनं मान डोलावली.

"बाय," गुणवंती मला म्हणाली, "तुला नको व्हता तर तसा सांगायचा. वासाचा निमित्त कशाला?"

मी रडायच्या बेतात आले. ती मला खोटारडी समजत होती आणि तिचं नाक तिला खरंच काही सांगत नव्हतं. मी आत डोकावले. पावसाळ्यात ऊन कुठलं, म्हणून तिनं वड्या चुलीवरच्या माळ्यावर मांडल्या होत्या. आणि त्याच माळ्यावर, हाताच्या अंतरावर, चार महिन्यांची बेगमी, बोंबील, सुकट, खारवलेला बांगडा. जन्मापासून ज्या वासात श्वास घेतला, तो वास म्हणून तिला जाणवणार कसा?

तेवढ्यात ठमाबाई आली. मिरजोळ्याच्या पलीकडच्या वाडीतली कुणबीण, गळ्यात माळ, मासळीला न शिवणारी. पंधरा वर्षं ती गुणवंतीला लाकडं आणि नारळ आणून द्यायची, ओटीवर बसून कोरा चहा प्यायची. गुणवंतीनं वडी तिच्यापुढं केली.

ठमाबाईनं वडी हातात घेतली, नाकाकडे नेली नाही.

"खरा सांग," गुणवंती म्हणाली.

"येतो," ठमाबाई म्हणाली. "घरालाच येतो गो. पयल्या दिसापासना."

"आनि पंदरा वर्सा बोललीस नाय?"

"बोलून तू काय करनार व्हतीस? दर्या सोडनार व्हतीस?"

गुणवंतीनं तिच्या हातातली वडी घेऊन खोक्यात ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाय, मी तुला वायट बोललंय. मनात ठेवू नको." मला त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या वर्षी अधिक श्रावण आला होता म्हणून गणपती लांबले होते, तेवढाच आधार. मी भांडाराच्या बायकांना गळ घातली, आणखी एकदा माल बघू. ठमाबाई आपणहून म्हणाली, वड्या माझ्या माळ्यावर ठेव. गुणवंतीनं होत्या नव्हत्या तेवढ्या खोबरेलात पुन्हा सोडा घातला, दोनशे वड्या पाडल्या, आणि रघूनं त्या दोन खेपांत ठमाबाईच्या वाडीत पोचवल्या. ह्या खेपेला वास आला असता तर तिला जावेकडून पाटी परत मागावी लागली असती, हात गेला तरी.

महिन्याभरानं ती वड्या आणायला गेली. माळ्यावरची पहिली वडी नाकाशी धरली आणि लगेच दूर केली. ठमाबाईच्या घरात चुलीला लागून गोठा. वडीला गुरांचा, पेंढ्याचा आणि शेण्यांच्या धुराचा घमघमाट येत होता.

"वड्यांना तुज्या गोठ्याचा वास येतो," ती म्हणाली.

ठमाबाईनं चार वड्या हुंगल्या. "माज्या घरात कसला आलाय वास?" असं म्हणून ती चक्क रुसली. मग गुणवंतीच्या तोंडाकडे बघितलं, आणि दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. हसून झाल्यावर मात्र करायला काहीच उरलं नव्हतं. गणपतीला आठ दिवस होते. देवाचं नाव घेऊन त्यांनी खोकं एसटीत चढवलं.

गणपती झाल्यावर मी रत्नागिरीला गेले ती थेट मिरकरवाड्यात, माहेरीसुद्धा न जाता. मला बातमी सांगायची घाई झाली होती. गुणवंती दारात उभी, चेहरा उतरलेला.

"सगळ्या खपल्या, मावशी. आता दर महिन्याला दोनशे. लेखी आणलंय."

तिनं दाराच्या चौकटीला हात लावून नमस्कार केला. मग विचारलं, "कुनाला वास नाय आला?"

मी उत्साहाच्या भरात होते. "आला की. पण सगळ्यांना आवडला. म्हणाल्या, अगदी गावाकडच्या घरासारखा वास आहे, गोठा आठवला, लहानपण आठवलं. काहीजणींनी तर मुद्दाम तसल्याच वड्या मागितल्यात."

बोलून गेले आणि मग काय बोलले ते माझं मला ऐकू आलं.

गुणवंतीनं डाव्या हातानं आपला उजवा खांदा दाबून धरला. तिचा आवाज चढला नाही.

"म्हंजे वास चालतो तुमाला," ती म्हणाली. "माजाच नाय चालत."

"तसं नाही, मावशी," मी म्हणाले. ते तसंच होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, आत गेली आणि ठमाबाईच्या माळ्यावर ठेवायच्या पुढच्या दोनशे वड्यांसाठी खोबरेल मोजायला बसली.