आपल्याले तिथं घेत नाही

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. पलटणीतल्या माणसांना तर नाहीच. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल.

आम्ही ढिवर, मासेमारी करणारे. पवनीजवळ वैनगंगेच्या काठावर आमचा मोहल्ला. चालण्याआधी पोहायला शिकणारी माणसं. त्यातला फौजेत गेलेला पहिला मीच. भरतीत मला जातीवरून कुणी मागे लोटलं नाही — हे आधीच सांगून ठेवतो.

पण बराकीत पहिला प्रश्न यायचा — कुठला, कुणाचा? बहुतेक पोरं साताऱ्याकडची, एकाच जातीची. कुणाचा आजा याच पलटणीत होता, कुणाचा पणजा. माझा आजा कुठे होता? डोंग्यात, जाळं घेऊन. मी ठोकून दिलं — आम्ही कुणबी, धानाची शेती. झाकली मूठ सव्वा लाखाची! पोहण्याच्या परीक्षेत तर मुद्दाम गटांगळ्या खाल्ल्या. उस्ताद हसला, मला हायसं वाटलं. पण त्या भरल्या बराकीत माझ्याइतका एकटा कुणी नसेल. घरची एकही खरी गोष्ट मला कुणाला सांगता येत नव्हती.

पहिल्या सुट्टीत गावी आलो. माझा धाकटा मावसभाऊ सुखदेव — माझ्याहून उंच, माझ्याहून चपळ — रोज पहाटे अड्याळच्या रस्त्यानं धावत होता. म्हणाला, "भाऊ, मी बी तुयाच पलटणीत येतो."

मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? मला दिसला तो बराकीत शिरणारा सुखदेव — मोठ्यानं हसणारा, मला भाऊ म्हणणारा, 'आम्ही ढिवर' असं छाती फुगवून सांगणारा. मी घाबरलो.

"कायले दौडून राहिला बाबू?" मी म्हणालो. "ते त्याइची पलटण हाये. आपल्याले तिथं घेत नाही."

"मंग तुले कसं घेतलं?"

"मायं चुकून झालं. आता लय कडक केलं."

दुसऱ्या दिवसापासून त्यानं धावणं सोडलं. फौजी सांगतोय म्हणजे खरंच असणार — मोहल्लाभर तेच झालं. नंतर आमच्यातलं कुणीच धावलं नाही.

पेन्शन घेऊन मी आता गावातच असतो. सुखदेव तलावात मासे धरतो. चांगला रोहू लागला की माझ्यासाठी बाजूला काढतो. मला तो खाववत नाही, तरी खातो.

गेल्या महिन्यात मी त्याच्या अंगणात होतो. त्याचा पोरगा जाळं वाळत घालता घालता म्हणाला, "बाबा, मी भरतीले जाऊ काय?"

सुखदेव हसला. "पागल झाला काय? आपल्याले तिथं घेत नाही. इचार ना मोठ्या बाबाले, ते होते तिथं."

पोरगा माझ्याकडे बघत राहिला. 'घेतात' — एवढा एकच शब्द बोलायचा होता. पण तो बोललो असतो, तर सुखदेवनं मला विचारलं असतं — मंग मले काहून नाही म्हणला?

मी मान हलवली — होय, नाही घेत. सुखदेवनं रोहू पिशवीत घालून दिला. तो घेऊन मी घरी आलो.