वेदीसमोर ठेवलेली गिरणी

गिरणी घेऊन कुणी फिरायला जातं का? आम्ही गेलो, आणि एवढी धमाल मला कुठल्या थंड हवेच्या ठिकाणीही कधी आली नव्हती!

सांगोला तालुक्याच्या दक्षिण टोकाला, माळावरच्या एका वस्तीत पत्र्याचं एक छोटं चर्च आहे. तिथले पाळकसाहेब उन्हाळ्यात सोलापूरला आमच्या चर्चमध्ये आले होते. आमच्या महिला मंडळानं हौसेनं विचारलं, ‘काय पाठवू? कपडे? भांडी?’ ते म्हणाले, ‘गिरणी पाठवा.’ वस्तीवर बाजरी खातात आणि बाजरीचं पीठ चार-पाच दिवसांत कडू होतं. म्हणजे साठवून ठेवायची सोय नाही. थोडं थोडं दळण डोक्यावर घ्यायचं आणि पलीकडच्या गावापर्यंत उन्हातून चालायचं, सतत. गिरणी चालवायला त्यांनी माणूसही हेरून ठेवलं होतं. तिचं नाव सुमन. नवरा गेल्यापासून ती दोन मुलींना घेऊन दरवर्षी ऊसतोडीला जाते आणि मुलींची शाळा मध्येच सुटते. गिरणी आली तर यंदा टोळीबरोबर जाणार नाही, असं तिनं ठरवलं होतं. हे ऐकल्यावर आमच्या बायकांना कोण आवरणार? चकल्या विकल्या, शेंगा चटणी विकली आणि गिरणी घेतली.

पोचवायला मुहूर्त निवडला हंगामाच्या सणाचा रविवार. या सणाला मंडळी आपल्या शेतातलं पहिलं पीक चर्चमध्ये आणतात. उजाडायच्या आधीच निघालो. टेम्पो इरफानभाईंचा. (भाडं येण्याजाण्याचं आधी ठरवून घ्या, रिकाम्या परतीवरून नंतर वाद नको.) बरोबर वसंतकाका, कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले फिटर. गिरणी बसवून देण्याचं काम त्यांच्याकडे होतं. बाकी वाटभर मला सूचना देण्याचं काम त्यांनी आपणहून घेतलं.

मंगळवेढ्यापर्यंत रस्ता झकास. तिथे गरम भजी आणि चहा घ्याच, आम्ही दोनदा घेतला. सांगोला सोडलं की दोन्ही बाजूंना डाळिंबाच्या बागा लागतात, उन्हापासून जपायला झाडांवर जुन्या साड्या पांघरलेल्या. लाल, पोपटी, जरीकाठी! मी खिडकीतून ओरडलेच. पुढे डांबर संपतं आणि खरी गंमत सुरू होते. एका ओढ्यात इरफानभाईंनी टेम्पो थांबवला आणि मागे वळून गिरणीकडं पाहिलं. ‘भाभी, ये नाच रही है पीछे,’ ते म्हणाले. मग वसंतकाका मागे जाऊन गिरणीला मिठी मारून बसले. डिझेल सांगोल्यातच भरा आणि पाणी भरपूर घ्या. पुढे फोनला रेंज मिळाली तर नशीब.

वस्तीवर पोचलो तर अख्खी वस्ती रस्त्यावर! आम्हा ख्रिस्ती लोकांच्या रिवाजाप्रमाणे ‘सलाम, सलाम’ करत बायकांनी टेम्पोला वेढाच घातला. सुमन सगळ्यांच्या मागे उभी होती, शिडशिडीत, तिशीच्या आसपासची. मी तिला पुढे ओढलं. तिनं गिरणीच्या पत्र्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, ‘ताई, लई मोठी हाय की!’ माझा ऊर अगदी भरून आला.

आणि याच भरल्या उरात मी घोळ घातला.

चर्चमध्ये वेदीसमोर काय थाट होता! बाजरीची कणसं, भोपळे, डाळिंबं, पाय बांधलेल्या कोंबड्या, एक करडू. मला वाटलं, गिरणीही इथेच ठेवावी, तिच्यावर प्रार्थना होईल आणि फोटोही छान येईल. (हो, ब्लॉगसाठीच.) चौघांनी धापा टाकत ती वेदीसमोर नेऊन ठेवली. मी फोटो काढला. मागे वळले तर पाळकसाहेबांनी कपाळावर हात मारलेला.

‘ताई, हितं ठिवलं म्हंजी देवाला दिलं,’ ते म्हणाले. ‘आता लिलावाबिगर भाईर निघत न्हाय.’

लिलाव आमच्या शहरातल्या चर्चमध्येही होतो, पण टेबलं मांडून, मैदानात. इथला नियम मला कुठं ठाऊक? म्हटलं, एवढी एक वेळ सूट द्या की. ते मान हलवत म्हणाले, ‘मागं एका पावन्यानं जेवणाचा डबा ठिवला हुता चुकून. त्योबी गेला लिलावात. आज तुमाला सूट दिली, तर उद्या कोंबडीवाला मागंल.’

ठीक आहे, आपणच बोली लावून सोडवू, असं म्हणून मी पैसे भरायला मोबाईल हातात घेतला. सुमन हळूच म्हणाली, ‘ताई, फोन चालत न्हाय. हितं बोली बाजरीत लागती.’ ती बाजरी वर्षभर अडल्यानडल्याच्या घरी जाते. आमच्या टेम्पोत तर दाणाही नव्हता. इरफानभाई हसून हसून बेजार झाले. मला मात्र रडू यायचं बाकी होतं.

या लिलावाला आसपासच्या गावची सगळ्या धर्मांची माणसं येतात. त्यात पहिल्या रांगेत होते पलीकडच्या गावचे गिरणीवाले तात्या. हो, जिथं या बायका दळायला जातात तेच. दरवर्षी कोंबडी घ्यायला येतात म्हणे. गिरणीचं नाव निघताच तात्या ताठ बसले.

सुमननं बोली उघडली. ‘दोन पायल्या.’ (एका पोत्यात अशा चौदा-पंधरा पायल्या मावतात.) तिच्या घरात तेवढीच बाजरी होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

‘पोतं,’ तात्या म्हणाले.

सुमन खाली बघत राहिली. मग मागून एक म्हातारी उठली. ‘माजी एक पायली सुमीच्या बोलीत घाला.’ लगेच दुसरी उठली, तिसरी उठली. असं चालतं का, म्हणून तात्यांनी विचारलं. पाळकसाहेब म्हणाले, ‘आजवर झालं न्हाय. पन बाजरी बाजरीच हाय की. चालंल.’ मग काय! दारातला एक मेंढपाळ ओरडला, ‘बाजरी न्हाय, कोकरू हाय!’ कोकराची बाजरी किती यावर वाद झाला, टाळ्या झाल्या. मी उड्या मारत होते. आता आमची बाजू पोत्याच्या वर गेली होती.

‘दीड पोतं,’ तात्या म्हणाले.

आता कुणाकडे काही उरलं नव्हतं. वसंतकाकांनी माझा हात धरला. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून खोकत खोकत एक बाई उभी राहिली.

‘आमच्या घरच्या दहा पायल्या सुमनकडं धरा.’

‘अगं, मी हितं बोली लावतोय की!’ तात्या किंचाळले. त्या त्यांच्या मिसेस होत्या, इंदूबाई.

‘लावा की. दिसभर पिठात कोन बसतंय, तुमी का मी? खोकून जीव चाललाय माजा. निम्मी गिऱ्हाइकं हिकडं आली तर दुपारी घटकाभर आडवं तरी व्हायला मिळंल.’

हसण्यानं पत्रे हादरले. तात्यांनी एकदा बायकोकडं पाहिलं, एकदा पाळकसाहेबांकडं. ‘आता घरच्या बाजरीवर घरचीच बाजरी कशी चढवायची?’ असं पुटपुटत ते खाली बसले. शेवटी त्यांनी एक भोपळा घेतला.

बायकांनी गिरणी गाणं म्हणत उचलून शेजारच्या शेडमध्ये नेली. वसंतकाकांनी ती बसवली, सुमननं बटण दाबलं. पहिलं पीठ बाहेर आलं तेव्हा तात्यांनीच चिमूट घेऊन बोटांत चोळलं आणि ‘जरा आवळ, भरड पडतंय,’ म्हणाले. त्याच पिठाच्या भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा. अशी भाकरी मी आयुष्यात खाल्लेली नाही, शपथेवर सांगते.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा पाठ मोडली होती आणि केसांत पीठ होतं. आपण गिरणी दिली असं मी जाताना समजत होते. खरं तर ती त्या बायकांनी आपल्या बाजरीनं घेतली, आणि मला विचाराल तर तेच झकास झालं.

दिवाळी झाल्यावर सुमनचा फोन आला. मागे गिरणीची घरघर. ऊसतोडीच्या टोळीचे ट्रॅक्टर सकाळीच गेले, म्हणाली.

‘आणि मुली?’ मी विचारलं.

‘शाळंत,’ ती म्हणाली. ‘ठिवते ताई. लाईट हाय तवर दळून घेते.’