मीठपंथाचे शेवटचे बिशप

कर्वेनगरच्या पुष्कर मेहेंदळेने आयुष्यात दोनच गोष्टी नेटाने केल्या. दिवसा एका कंपनीत पाण्याच्या पंपांच्या माहितीपुस्तिका लिहिल्या आणि उरलेल्या वेळात ख्रिस्ती धर्माचे पंथ चालवले. पहिल्या कामाचा पगार मिळे. दुसऱ्याने निदान कुणाचं काही बिघडत नाही, अशी त्याची बरीच वर्षं समजूत होती.

इथे एक खुलासा करायला हवा. पुष्कर ख्रिस्ती नव्हता. जन्माने चित्पावन, मताने नास्तिक आणि संकष्टीला खिचडीपुरता आस्तिक, असं तो स्वतःच सांगे. त्याचा शाळेपासूनचा मित्र फैझल तांबोळी, ज्याचं नाना पेठेत चष्म्यांचं दुकान होतं, तोही ख्रिस्ती नव्हता. पण नववीत इतिहासाच्या सरांनी मध्ययुगातला युरोप चार पानांत उरकला, रोमच्या बादशहाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला म्हणून सांगितलं, आणि फैझलने बाकावरून हळूच विचारलं, ‘‘आणि नसता स्वीकारला तर?’’ बाकीच्या वर्गाने वही मिटली. या दोघांनी ती पुढची तीस वर्षं मिटली नाही.

तर त्यांच्या जगात बादशहा शेवटपर्यंत बधला नाही. राजाश्रय नाही, म्हणून पोप नाही, उंच मनोऱ्यांची चर्चं नाहीत. धर्म पसरला तो तांड्यांबरोबर आणि होड्यांतून, आणि अकराव्या शतकापर्यंत त्याचे चार पंथ झाले. मिठाच्या व्यापाऱ्यांच्या वाटेने गेला तो मीठपंथ. त्यांचा बाप्तिस्मा खाऱ्या पाण्याने व्हायचा, चर्चला छप्पर नसायचं आणि बिशप गाढवावरून फिरायचे. उत्तरेला, जिथे हिवाळाभर उजाडत नाही, तिथे दीपपंथ. त्यांच्या प्रत्येक गावात एकच दिवा पेटता ठेवायचा आणि तिथूनच घरोघरी आग न्यायची. वाळवंटात मौनपंथ होता; त्यांचं रविवारचं प्रवचन म्हणजे तासभर गप्प बसणं. आणि नावाडी पंथाची वेदी होडीतच असे. या पंथात तंटे सर्वांत कमी, कारण भांडण रंगात येईपर्यंत होडी सुटायची.

पुष्करने मीठपंथ घेतला, फैझलने दीपपंथ. उरलेले दोन समाईक. दर रविवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी दोघे आतल्या बाजूला बसत आणि उपास, विवाह, दफन, बिशपाची निवड असे एकेक नियम ठरवत. वरच्या मजल्यावरून फैझलची आई, हमीदाखाला, चहा पाठवी आणि रिकामे कप नेताना दरवेळी विचारी की यात नोकरी मिळते का. लग्नं झाली, मुली झाल्या, केस गेले, रविवार मात्र गेला नाही. दोघांनी या जगाची एक वेबसाइटही काढली. ती वाचायला जगभरातून पंधरावीस माणसं येत. या माणसांनाही दुसरा उद्योग नसावा, असं पुष्कर कौतुकाने म्हणे.

ऑफिसात त्याच्या शेजारी रावसाहेब साळवे बसत. नगरकडचे, चार पिढ्यांचे ख्रिस्ती. एकदा जेवणाच्या सुट्टीत पुष्करने त्यांना आपले चारही पंथ सविस्तर समजावून सांगितले. रावसाहेबांनी भाकरीचा तुकडा मोडत सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की आमच्या चर्चच्या कमिटीची निवडणूक असते ती एकदा बघायला या, इतक्या लांब मध्ययुगात जायची गरज पडणार नाही. पुष्करला हा विनोद फार आवडला. तो त्याने फैझललाही सांगितला असता, पण तोवर फैझलशी बोलणं बंद झालं होतं.

भांडण झालं ते क्षमेवरून. पुष्करला हे सांगताना आजही लाज वाटते, कारण यापेक्षा चांगल्या विषयावर भांडणं त्याला सहज जमलं असतं. चारही पंथांची एका पुलावर परिषद भरली होती आणि प्रश्न असा होता की दोघांचं बिनसलं तर आधी कुणी जायचं. मीठपंथाचं म्हणणं सरळ होतं. ज्याने दुखावलं त्याने दुसऱ्याच्या दारात जाऊन उभं राहावं. दीपपंथाचं बरोबर उलट. फैझल म्हणे, चूक करणारा अंधारात असतो, त्याला वाट कशी दिसणार. म्हणून जो दुखावला त्यानेच दिवा घेऊन जावं. हे ऐकायला सुंदर होतं आणि पुष्करकडे त्याला उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की पुणेकर काय करतो, तर पाटी लावतो. पुष्करने फैझलला न विचारता वेबसाइटवर जाहीर करून टाकलं की परिषदेने दीपपंथ पाखंडी ठरवला आहे, आणि त्यांचं मुख्य शहर त्याच रात्री पुरात वाहून गेलं, बिशपासकट.

ते शहर फैझलने वर्षभर खपून गल्लीगल्लीने उभं केलं होतं. आणि त्या शहराचे बिशप होते दादामियाँ. दादामियाँ म्हणजे फैझलचे आजोबा. खऱ्या जगात ते कधीच गेले होते. शाळेतून आलेल्या दोघा पोरांना दुकानाच्या पायरीवर बसवून ते चष्म्याच्या काड्या वाकवायला शिकवत. त्यांना कुठेतरी ठेवायचं म्हणून फैझलने त्यांना बिशप केलं होतं. पुष्करला हे पुरतं ठाऊक होतं, तरी त्याने दीड ओळीत त्यांना बुडवलं.

दुसऱ्या दिवशी फैझल दुकानात गिऱ्हाइकांसमोर एवढंच म्हणाला, ‘‘पाणी चढवायचं आणि पाणी सोडायचं, याच्यापुढे तुला काही येत नाही. पंपवाला आहेस, पंपवालाच राहा.’’ पुष्कर पायऱ्या उतरून आला. वाक्य जिव्हारी लागलं, कारण ते खरं आहे असा त्याला आधीपासूनच संशय होता. त्यानंतर दहा वर्षं तो नाना पेठेत गेला नाही.

या दहा वर्षांत मीठपंथाची स्थिती अशी: बिशप एक, अनुयायी तोच. पुष्करचा हिशेब साधा होता. अपमान आपला झाला, तेव्हा आपल्या पंथाप्रमाणे फैझलने यायला हवं. तो येत नाही, म्हणजे माणूस तत्त्वाचा पक्का नाही. पुराचा विषय मनात आला की तो मौनपंथाचं प्रवचन ऐके. चष्मा त्याने जवळच्या एका दुकानातून केला. तो सतत नाकावरून घसरे आणि पुष्कर तो तत्त्वासाठी वर ढकली. रावसाहेबांनी एकदा सहज चौकशी केली.

‘‘तुमच्या मंडळींत सभासद किती?’’

‘‘दोघं.’’

‘‘एकमेकांशी बोलतात?’’

‘‘बरीच वर्षं नाही.’’

‘‘मग पंथ खरा आहे,’’ रावसाहेब म्हणाले आणि डबा उघडायला लागले.

यंदा उन्हाळ्यात एका संध्याकाळी पुष्करची मुलगी तनया जेवताना म्हणाली की फैझलकाका दुकान बंद करतायत. त्यांच्या मंतशाला बंगळूरला जॉब लागलाय, ती आजीला आणि काकांना तिकडेच नेतेय, पुढच्या महिन्यात शिफ्टिंग. तिने हे वरणाला मीठ कमी आहे म्हणावं तसं सांगितलं. पुष्करने घास तसाच ठेवून विचारलं की हे तुला कसं माहीत. तनयाने आपल्या चष्म्याकडे बोट दाखवलं. तिचा पाचवीपासूनचा प्रत्येक चष्मा फैझलकाकांकडचा होता. आईचाही.

पुष्करने बायकोकडे पाहिलं. आनंदीने शांतपणे आमटी वाढून घेतली. दर ईदला घरात येणारा शीरखुर्मा कुठून येतो असं तुला वाटत होतं, तिने विचारलं. पुष्करला काहीच वाटत नव्हतं. तो दोन वाट्या खाऊन उठत असे. तो डबा हमीदाखालांचा होता आणि होळीला त्याच डब्यातून पुरणपोळ्या जात होत्या. पुष्करने इतिहासाची बरीच पुस्तकं वाचली होती, आणि बिशप एकमेकांना बहिष्कृत करतात तेव्हा खालची माणसं एकाच विहिरीवर पाणी भरत असतात, हे त्याने स्वतःच कुठल्याशा पानावर लिहिलेलं होतं. आपल्याच स्वयंपाकघरात ते चालू आहे, हे मात्र बिशपांना कुणी कळवलं नव्हतं.

जेवण झाल्यावर त्याने आनंदीपुढे आपली बाजू मांडली. आपण गेलो असतो, पण पंथाचा नियम आड येतो, असा त्या बाजूचा सारांश होता. आनंदी बँकेतून निवृत्त झालेली बाई. तिने सगळं ऐकून घेतलं.

‘‘तुझ्या पंथात ज्याने दुखावलं त्याने जायचं. दादामियाँना कुणी बुडवलं?’’

पुष्करने चष्मा वर ढकलला.

‘‘त्याच्या पंथात जो दुखावला त्याने जायचं. पंपवाला म्हटल्यावर दुखावलं कोण? म्हणजे दोन्हीकडून जायचं तुलाच होतं. चार पंथ काढलेस आणि एवढं कळलं नाही तुला.’’

पुष्करने यातून सुटायला जागा शोधली. मौनपंथात गेलो तर, असाही विचार करून पाहिला. पण मनात एक भीती येऊन बसली होती, आणि ती कुठल्याच परिषदेची नव्हती. फैझल बंगळूरला गेला की हे भांडणही संपणार, आणि इतकी वर्षं फैझलचं त्याच्याकडे उरलेलं होतं ते हे भांडणच. नंतर फक्त पंप राहणार. रविवारी तो बसने स्वारगेटला उतरला. तिथून नाना पेठ चालत जाण्यासारखी आहे, पण तो आधी उसाचा रस प्यायला, मग परत जाणारी बस केव्हा आहे ते उगाच विचारून आला. आयुष्यभर लोकांना पंप चालू करण्यापूर्वी काय तपासावं हे सांगणाऱ्या माणसाला दारात काय बोलायचं ते सुचत नव्हतं. शेवटी तो निघाला.

दुकानात निम्मी कपाटं रिकामी होती. फ्रेमांचे खोके भिंतीला लावून ठेवलेले होते. हमीदाखाला खुर्चीवर बसल्या होत्या, पूर्वीपेक्षा बऱ्याच लहान झालेल्या. त्यांनी पुष्करला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

‘‘बस. त्याचं गिऱ्हाईक होऊ दे,’’ त्या म्हणाल्या. दहा वर्षांवर तेवढंच भाष्य झालं.

फैझल गिऱ्हाइकाला पावती देत होता. त्याची दाढी पांढरी झाली होती. त्याने मान वर केली, पुष्करच्या नाकावरच्या चष्म्याकडे बघितलं आणि धंद्यातल्या माणसाला दुसऱ्याचं वाईट काम बघून होतो तसा त्याचा चेहरा झाला. हा कुणी केला, त्याने विचारलं. पुष्करने सांगितलं. फैझलने मानेनेच आतली खोली दाखवली.

आत अंधार होता आणि समोर अक्षरांचा तक्ता उजळलेला. फैझलने त्याला स्टुलावर बसवलं, तपासणीची ती जड फ्रेम त्याच्या नाकावर ठेवली आणि एकेक भिंग घालायला सुरुवात केली.

‘‘हे बरं का हे?’’

‘‘सारखंच.’’

‘‘सारखं नसतं. नीट बघून सांग.’’

पुष्करने नीट बघितलं. स्वारगेटपासून जुळवत आणलेली सगळी वाक्यं त्याच्या डोक्यातून गेली होती. फैझलकडे बघणं जमेना, म्हणून तो तक्त्याकडे बघूनच म्हणाला, ‘‘दादामियाँना बुडवायला नको होतं मी.’’

फैझल भिंग हातात धरून उभा राहिला. बाहेर हमीदाखाला कुणाला तरी दुकान बंद होत असल्याचं सांगत होत्या.

‘‘बुडाले नाहीत ते,’’ फैझल म्हणाला. ‘‘मी त्यांना आदल्या दिवशीच सासवडला पाठवलं होतं. लग्नाला.’’

‘‘त्या जगात सासवड नाहीये.’’

‘‘तुझ्या पंथात नसेल. आमच्यात आहे.’’

पुष्करने मान हलवली. हा मुद्दा वादग्रस्त होता आणि त्यावर एक परिषद सहज भरवता आली असती. फैझलने त्याला खालची ओळ वाचायला सांगितली. पुष्करने तोंड उघडलं, पण ओळ वाचता येईना. फैझलने भिंग बदललं, मग आणखी एक बदललं. तरी अक्षरं एकमेकांत मिसळत राहिली. तेव्हा त्याने वाकून फ्रेमच्या आत पाहिलं, ती हलकेच काढून घेतली आणि चष्मे पुसायचं पिवळं फडकं पुष्करच्या हातात दिलं.

‘‘डोळे पूस आधी,’’ तो म्हणाला. ‘‘पाणी असलं की नंबर लागत नाही.’’