दोनदा टकटक म्हणजे काढून टाक

आधी परबकाकांचं नाव लिहितो, मग बाकीचं. ते नसते तर मी आज तुम्हाला हे लिहूच शकलो नसतो... सातवीत शाळा सोडून बीडकडच्या गावातून मुंबईला आलेला, विक्रोळीच्या कारखान्यात पॅकिंग करणारा माणूस मी. भुताखेतांच्या गोष्टींना मी नेहमी हसायचो. आजही विश्वास बसलाय असं म्हणवत नाही. म्हणून जे झालं तेवढंच सांगतो.

पंच्याऐंशी सालचा मार्च. घाटकोपर पश्चिमेला, टेकडीच्या उतारावरची आमची चाळ. माझ्या आणि परबकाकांच्या खोलीच्या मध्ये फक्त एक प्लायवूडची भिंत. काका मालवणकडचे, छापखान्यात प्रूफं तपासून निवृत्त झालेले. मी रात्रशाळेतून मॅट्रिक झालो, सकाळच्या कॉलेजात बी.ए.पर्यंत पोचलो, ते त्यांच्याच धाकाने.

शेवटच्या वर्षाला कंत्राटी कामगारांवर शोधनिबंध होता. सरांनी तो एकदा परत केला – "पुन्हा लिहा." दुसऱ्यांदा परत आला असता तर वर्ष गेलंच असतं. आणि वडिलांनी बजावलं होतं, यंदा पास नाही झालास तर पुस्तकं गुंडाळ आणि गावी ये.

काकांची नजर अधू झाली होती. म्हणून छापखान्यातल्या पद्धतीने मी मोठ्याने वाचायचो, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट, आणि ते डोळे मिटून ऐकायचे. हातात पेन्सिल, ती मधल्या भिंतीवर वाजायची. एकदा टक – थांब, परत वाच. दोनदा टकटक – काढून टाक.

"झिला, ह्या वाक्यात श्वास खंय घेवचो? वाचणारो मरात रे!"

"काका, पुस्तकातली भाषा अशीच असते."

"तू पॅकिंग करतंस मा? मग खोको भरतंस तसा लिही. रिकामी जागा नको, कोंबाकोंबी पण नको."

एक गोष्ट मात्र मी त्यांच्यापासून लपवली. सहाव्या पानावरचा मजकूर मी लायब्ररीतल्या एका पुस्तकातून जसाच्या तसा उतरवला होता. इतका देखणा, की त्याच्यापुढे माझं सगळं लिखाण गावंढळ वाटायचं. ते पान मी काकांना वाचून दाखवलंच नाही, गुपचूप उलटलं.

मग काकांना अर्धांगवायू झाला. वाचा गेली. काकी त्यांच्याजवळ इस्पितळात, खोलीला कुलूप, किल्ली काकींच्या कमरेला. निबंध सोमवारी द्यायचा होता. रविवारी दुपारी मी एकटाच त्या भिंतीला टेकून मोठ्याने वाचत बसलो... सवय, दुसरं काय. तिसऱ्या पानावर भिंतीतून आवाज आला. टक.

म्हटलं उंदीर असेल. तरी वाक्य परत वाचलं. कामगारांचा आकडा आधीच्या पानाशी जुळत नव्हता.

बाहेर जाऊन पाहिलं. कुलूप तसंच. पण विचार करायला वेळ कुठे होता? वाचत राहिलो. सहावं पान आलं. पहिल्याच ओळीला टकटक. पुढची ओळ – टकटक. मी रडकुंडीला आलो. "काका, एवढं राहू द्या ना! माझ्याकडे दुसरं आहे काय?"

टकटक.

शेवटी फाडलं ते पान. त्या जागी आमच्या पॅकिंग खात्यातला एक दिवस लिहिला, जमेल तसा. वाचून दाखवला. भिंत गप्प.

संध्याकाळी इस्पितळात गेलो. काकी म्हणाल्या, "दुपारभर ह्यांचा बोट खाटेच्या दांड्यार वाजत होता रे. एकदा, मग दोन-दोनदा. डाक्टर म्हणाले, चांगला लक्षण. चार वाजता थांबला."

माझं वाचून संपलं तेव्हा चारच वाजले होते.

निबंध द्यायला गेलो तर सरांच्या टेबलावर तेच पुस्तक! "दोघांनी यातलं उतरवलंय, दोघांचेही परत पाठवले," सर म्हणाले. माझा चाळला, सहाव्या पानावर थांबले. "हे तुमचं आहे. ठेवा."

मी पास झालो. पण काकांचं बोट त्या रविवारी चार वाजल्यानंतर पुन्हा हललं नाही. काकी त्यांना गावी घेऊन गेल्या, त्याला आता वर्ष होईल. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. कसं होतं, ते कोणीच सांगत नाही. मला मात्र वाटत राहतं, त्या बोटात जे काही उरलं होतं ते माझ्या सहाव्या पानावर संपलं.

अजून रजा मिळत नाही. पण मिळेल तेव्हा मालवणला जाईन. त्यांच्या उशाशी बसून रोजचा पेपर वाचीन, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट, आणि त्यांच्या बोटाखाली माझा हात ठेवीन. कितीही दिवस लागोत. काका, एक टक होईपर्यंत मी उठणार नाही.