न बांधलेली होडी

धरणाच्या फुगवट्यात एक छोटं बेट आहे. वस्ती अजिबात नाही, नुसत्या बाभळी आणि पक्षी. काठावर वनखात्याची पाटी, इथं मुक्काम करू नये म्हणून. वाचून मला हसूच आलं होतं, कोण मरायला राहणार इथं? बेटाला लागून पाण्याखाली जुनं गाव आहे. हिवाळ्यात पाणी निवळलं की लोक चष्मा चढवून, तोंडात नळी धरून ते बघायला येतात.

आम्हीही गेलो. चार महिन्यांची लेक अलीकडच्या काठावर नणंदेकडे दिली, अर्ध्या तासात येतो म्हणून. ओळखीच्या कोळ्याची होडी ह्यांनीच वल्हवत नेली. उतरल्यावर मी म्हटलं, "अहो, दोर बांधा."

"कोन नेतंय हितून?"

हे शिंगणापूरचे. गावात घरांना नुसत्या चौकटी, दार नाही की कपाटाला कुलूप नाही. बांधायचं ते चोरासाठी, एवढंच ह्यांना ठाऊक. वाराही नेतो, हे कोण सांगणार? पक्षी बघून परत आलो तर होडी पार लांब, बुडालेल्या झाडाच्या शेंड्याला अडकलेली. मोबाईलही तिच्यातच.

हाका मारून ह्यांचा घसा बसला. मग बसले दगडावर. "येईल की कुनीतरी." इकडे माझं दूध भरून आलं, कुर्ता ओला झाला. लेकीचं रडणं वाऱ्यावर ऐकू येत होतं. मधेच थांबायचं, आणि थांबलं की जास्त भीती वाटायची. वरचं दूध ती तोंडात घेत नाही. चारी बाजूंनी पाणी, आणि मी येरझाऱ्या घालतेय. इतका राग मला कधीच आला नव्हता, ह्यांचा आणि माझाही.

कारण मला पोहता येतं. माहेर पुणतांब्याचं, गोदावरीत शिकले. सासरी मात्र बोलले नव्हते, सुनेला असलं शोभतं का म्हणतील म्हणून.

ओढणी कमरेला आवळली, गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि शिरले पाण्यात. मागून हे म्हणाले, "अगं, तुला येतं व्हय?" खाली घरं दिसली. चौकटी उभ्या, दारं नाहीत. हे तर मी रोज घरी बघते, असं मनात आलं.

होडीत चढले तेव्हा हातपाय गळाले होते. पण वळवायची कुठं, हा प्रश्नच पडला नाही.

लेक प्यायला लागली आणि मला रडू फुटलं. नणंद बेटाकडं बघत होती. "वहिनी, दादा कुठंय?"

"तिथंच आहेत," मी म्हटलं. "हिचं पोट भरू दे, मग जाते. त्यांना कोण नेतंय?"