चंद्रकळेतलं दोन हात निळं

अण्णा गेल्याची बातमी मला टेलिफोनवरून कळली. निपाणीत मी ज्या शाळेत शिकवतो, तिच्यासमोर तंबाखूची एक वखार आहे. तिथले दिवाणजी धापा टाकत वर्गाच्या दारात आले. "मास्तर, चला बगू बिगीनं, बेळगावास्नं घरचा फोन हाय तुमचा." तंबाखूच्या उग्र वासात उभा राहून मी रिसीव्हर कानाला लावला. पलीकडे धाकटी बहीण शेवंती होती. "दादा, अण्णा गेला रं..." एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी माझ्या मनात दुःखाच्या आधी अण्णांचाच प्रश्न आला. ते असते तर पहिलं हेच विचारलं असतं, "आवाज कसा येतोय रं त्यातनं? माणसासारखा, का डब्यातनं आल्यासारखा?" आयुष्यभर त्यांना टेलिफोनवर एकदा बोलायचं होतं. ते राहिलं, आणि त्यांच्या जाण्याची वार्ता मात्र त्या तारेवरून आली. आता महिना होऊन गेला. डोळ्यांतलं पाणी आटलंय आणि हसू परत यायला लागलंय, म्हणून लिहायला बसलो.

अण्णा माझे थोरले भाऊ. बेळगावच्या खासबागेतल्या आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या खड्ड्याचा माग. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि साडी विणायची. अण्णांची शाळा चौथीत सुटली. मी बी.ए. झालो, आमच्या घराण्यातला पहिला. हे मी मिरवतो असं कुणी म्हणेल. म्हणू दे. माझ्या फीपायी अण्णा रोज हात-दोन हात जास्तीचं कापड विणत होते, मग मिरवायचं नाही तर काय करायचं? पण डोकं म्हणाल तर घरात त्यांचंच. नवं यंत्र दिसलं की त्यांचे डोळे लहान मुलासारखे चमकायचे. पंपाचा स्टोव्ह आमच्या गल्लीत पहिला आणला त्यांनीच. आई त्याच्याजवळ जाईना. तो पेटताना फुरफुरला की ती म्हणायची, "ह्यात कायतरी जितं हाय." अण्णांनी तिची समजूत घातली ती अशी, "आई, नवी सून आणि नवं यंत्र सारखंच. पयले आठ दिस कायबी बोलायचं न्हाय. खोडी शिकून घ्यायच्या." वहिनी चुलीपुढून म्हणाली, "माज्या येळंला ह्ये कुणी कसं सांगितलं न्हाय ह्यास्नी?" आई सुद्धा पदरात तोंड घालून हसली. आठव्या दिवशी स्टोव्हवर दूध तापवत होती ती आईच.

मग वीज आली. शहरात ती आधीच आली होती, पण विणकरांच्या घरात कशाला कोण घेतोय? अण्णांनी घेतली. एकच दिवा, मागाच्या बरोबर वर. आमचे वडील, म्हणजे आप्पा, जुन्या वळणाचे. सूत हातात आलं की ते उंबऱ्यावर नेऊन उन्हात धरायचे, उलटसुलट करून बघायचे आणि मगच मागावर घ्यायचे. अण्णा हसायचे त्यांना. "आप्पा, आता ऊन घरात आलंय. उंबऱ्यापतूर कशाला जातासा?" आप्पा वर बघून म्हणाले, "त्ये ऊन न्हवं. ह्या उजेडात इनलेलं एक जरी लुगडं वाया गेलं, तर दिवा खाली काढायचा. बोल, हाय कबूल?" अण्णा म्हणाले, कबूल. आप्पांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुज्या कालेजात काय सांगत्यात रं ह्येच्याबद्दल?" मी सुट्टीवर आलो होतो, आणि कॉलेजातला होतो, त्यामुळे मला सगळंच येत होतं. म्हणालो, "उजेड तो उजेड, आप्पा. त्यात फरक कसला?"

शेवंतीचं लग्न त्याच वर्षी संकेश्वरात झालं होतं. पहिली संक्रांत, म्हणजे नव्या सुनेला काळी चंद्रकळा. विणकराच्या लेकीची चंद्रकळा बाजारातून आणली तर सासरी तोंड दाखवायला जागा राहत नाही. ती माहेरच्या मागावरूनच जायला हवी. अण्णांनी ती विणायला घेतली, पण संक्रांत अंगावर आली तरी पदराच्या अलीकडचे दोन हात राहिलेच. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या मोटारीनं निघायचं होतं. वहिनी तिळगुळाच्या गडबडीत, म्हणून आडव्या सुताच्या कांड्या भरायला रहाटावर मी बसलो. वर दिवा लख्ख. शेजारी सुताच्या लडी पडल्या होत्या. मी कांड्या भरत गेलो, अण्णा त्या धोट्यात घालून फेकत गेले. "बघ की," ते म्हणाले, "दिवसा इनल्यावानी दिसतंय का न्हाय?" मी म्हणालो, अगदी दिवसासारखं. रात्रीच्या जेवणाच्या आत साडी मागावरून उतरली. पहाटे अंधारातच घडी घालून मोटारीत बसलो.

संकेश्वरात शेवंतीच्या सासरी अंगणात बायका जमल्या होत्या. ऊन छान पडलं होतं. अण्णांनी मोठ्या अभिमानानं घडी झटकून उलगडली... आणि मला ते दिसलं. सगळी साडी काळीभोर, आणि पदराच्या अलीकडे, बरोबर खांद्यावर येणारा भाग, चक्क निळा. शेजारच्या लडींतली एक दुसऱ्या साडीसाठी आणलेल्या गडद निळ्या सुताची होती, आणि मी कांड्या तिच्यावरूनच भरल्या होत्या. दिव्याखाली निळं आणि काळं एक दिसतं, हे मला कुठल्या पुस्तकात भेटलं नव्हतं. माझे कान गरम झाले. शेवंतीच्या सासूबाई हनुवटीवर बोट ठेवून म्हणाल्या, "अगं बया! संक्रांतीला निळी? बेळगावात काळं सूत संपलं व्हय?" मी तोंड उघडणार तेवढ्यात अण्णा पुढं झाले. "चूक माजी हाय, मामी. लाईटात इनली. कांडी उचलणारा हात माजा हुता." कांड्या कुणी भरल्या, याबद्दल अवाक्षर नाही. सासूबाई खाली वाकल्या, निळ्यावरून काळ्यावर अंगठा फिरवला आणि पुटपुटल्या, "वीण मातर एकसारखी हाय." तेवढ्यात शेवंती साडी घेऊन आत पळाली आणि नेसूनच बाहेर आली. उंबऱ्याच्या आत काळी, अंगणात उतरली की खांदा निळा चमके. पुन्हा आत गेली, पुन्हा बाहेर. "आत्याबाई, मला एकीत दोन साड्या आल्या की! घरात एक, अंगणात एक." बायका हसत सुटल्या. शेवटी सासूबाईंनाही हसू आवरेना.

परतताना मोटारीत मी अण्णांना म्हणालो, आप्पांना सांगूच नकोस, कोण जातंय संकेश्वरला बघायला? दिवा वाचेल. अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खिडकीबाहेर बघायला लागलो. घरी आल्या आल्या त्यांनी आप्पांना सगळं सांगितलं, आणि आप्पा काही बोलायच्या आत मागाशेजारी पाटावर चढून स्वतःच दिव्याला हात घातला. दिव्यासाठी किती मन लावलं होतं त्यांनी, ते मी बघितलं होतं. मला राहवेना. म्हणालो, "आप्पा, कांड्या मी भरल्या. उजेड तो उजेड असं मीच म्हणालो हुतो." आप्पांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. तेवढ्यात सूप घेऊन आई मध्ये आली. "दिव्याला हात लावू नगा कुणी. तांदळातलं खडं पयल्यांदा दिसाय लागल्यात मला. रंगाचं काम उनात करा, खड्याचं लाईटात हूं द्या. एवढं शिकलासा नव्हं?" आप्पा मोठ्यानं हसले. मला म्हणाले, "कालेजात घाल की रं हिला."

दिवा राहिला. पण त्या दिवसापासून अण्णा बदलले. दिवस मावळायच्या आत सगळ्या कांड्या उंबऱ्यावर नेऊन उन्हात बघायचे, आणि निळ्या कांडीच्या टोकाला पांढऱ्या दोऱ्याची गाठ मारायचे. मग दिव्याखाली खुशाल विणायचे. पुढं ती खोडच झाली. घड्याळ घेतलं, ते उंबऱ्यावर नेऊन बघितलं. जुना ग्रामोफोन आणला, त्याची तबकडी उन्हात तिरकी धरून बघितली. माझा पदवीचा कागद आला तेव्हाही अण्णा तो दोन्ही हातांनी उंबऱ्यावर घेऊन गेले. इंग्रजी एक अक्षर येत नव्हतं, पण खूप वेळ बघत होते. मग म्हणाले, "पक्का हाय रंग."

परवा खासबागेत गेलो होतो. तिन्हीसांजेला मागाच्या खोलीत बटण दाबलं, दिवा लागला. कोनाड्यात त्यांची कांड्यांची टोपली तशीच होती. काही कांड्यांना पांढरी गाठ, काहींना नाही. बिनगाठीची एक उचलली. दिव्याखाली ती काळी दिसत होती... तशीच घेऊन मी उंबऱ्यावर आलो. पश्चिमेला थोडा उजेड शिल्लक होता. आतून वहिनी म्हणाली, "काय बगतायसा, भावजी?"

"काळीच हाय," मी म्हणालो, आणि कांडी परत टोपलीत ठेवली.