सूर्याच्या गप्पा आणि आमची डीपी

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. बोलायला लागलो की थांबत नाही, हा जुना रोग. त्या रविवारी वालूरच्या शेतात मोठ्या भावाला फ्यूजनबद्दल सांगत होतो. सूर्याच्या पोटात जे चालतं तेच इथं घडवायचं, इंधन पाण्यातून काढायचं. कोळसा नको, धूर नको. आपल्यासारख्या देशाला ते जमलं तर विजेसाठी कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. अजून सगळं प्रयोगातच आहे, एवढं मात्र मी हळू आवाजात म्हणालो.

दादा डीपीखाली, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरखाली, उभा राहून ऐकत होता. फ्यूज उडालेला, गहू पाण्यावर आलेला. डीपीची वीज तोडायचा दांडा कधीचाच गंजून बसलाय, त्यामुळे वायरमनची वाट न बघता सबस्टेशनला फोन करून लाईन बंद करून घ्यायची आणि आपणच वर चढून फ्यूजची तार टाकायची, ही आमच्याकडची रीत. फोन मी लावला. ऑपरेटर म्हणाला, लाईन बंदच आहे. बरंच झालं म्हणून मी फोन ठेवला. दादा चढला आणि मी खालून सूर्य पुढे चालू केला.

एवढ्यात लांबच्या शेतातली मोटर घरघरली. ती दुसऱ्या डीपीवरची, पण आमच्याच लाईनवरची, ऑटोवर टाकलेली, लाईन आली की आपोआप सुरू होणारी.

"दादा, हात काढ," मी ओरडलो.

तो जागीच थिजला. तार त्याच्या बोटांपासून वीतभर होती. एकेक पाय चाचपत तो खाली उतरला.

चूक सरळसरळ माझी. लाईन दुसऱ्याच कुणाच्या कामासाठी बंद होती. त्याचं उरकलं, त्यानं कळवलं, ऑपरेटरनं सोडली. आमचाही माणूस वर चढतोय, हे मी सांगितलंच नव्हतं. शाळा न शिकलेला गडीही हे विसरत नाही.

दादा बांधावर बसून पाणी प्यायला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"तुझा सूर्य पेटला तरी फ्यूज मलाच टाकावा लागंल न्हवं?" तो म्हणाला.

मी हो म्हणालो. परत फोन लावला, आमची डीपी सांगितली, मी कळवेपर्यंत सोडू नका म्हणून दोनदा बजावलं. लाईन बंद झाली, आणि दादा पुन्हा वर चढला.